थरांच्या पोटातलं प्लॅटिनम

1924 साली दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सव्हालच्या पूर्व भागात, लायडनबर्गच्या मुलखात, आंद्रीस लोम्बार्ड नावाच्या शेतकऱ्याने आपल्या मांडाख्सहुक या शेतातल्या कोरड्या ओढ्याची वाळू धुऊन पाहिली. हलकी वाळू वाहून गेली आणि तळाशी काळ्या, जड कणांमध्ये थोडे करडे-पांढरे कण उरले. ते हान्स मेरेन्स्की या भूवैज्ञानिकाच्या हाती पोचले. मेरेन्स्की जर्मन मिशनऱ्याचा मुलगा. जन्म ट्रान्सव्हालमधलाच, 1871 चा, आणि शिक्षण बर्लिनचं. कण प्लॅटिनमचे आहेत हे ठरल्यावर तो त्या मुलखात गेला आणि कणांचा माग काढत टेकड्यांकडे सरकला.

तिथे आधी ड्युनाइटचे नळ नजरेत आले. ड्युनाइट म्हणजे जवळजवळ निव्वळ ऑलिव्हीनचा खडक, आणि नळ म्हणजे इतर खडकांना छेदत खोल उतरलेला त्याचा उभा खांब. या नळांत प्लॅटिनम भरपूर होतं. दुसरा कोणी तिथेच तळ ठोकून बसला असता. पण त्याच वर्षी सप्टेंबरात मेरेन्स्कीच्या हाती आणखी एक खडक लागला: पायरोक्झिनाइटचा, म्हणजे मुख्यतः पायरोक्झिनच्या खडकाचा, एक बेताच्या जाडीचा थर, वरखालच्या थरांमध्ये निमूट बसलेला, त्यांच्याइतकाच कललेला. दिसायला त्यात विशेष काही नव्हतं. त्यातही प्लॅटिनम निघालं.

नळ जिथे आहे तिथेच असतो आणि तिथेच संपतो. थर मात्र पुढे जातो. वरचा थर कोणता, खालचा कोणता हे एकदा कळलं, की त्या दोहोंच्या मधल्या जागेचा माग डोंगरामागून डोंगर घेता येतो. मेरेन्स्कीने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेच केलं. 1925 मध्ये तो थर रस्टनबर्गजवळ सापडला, मांडाख्सहुकपासून सरळ रेषेत सुमारे 300 किलोमीटरवर. आज त्याला मेरेन्स्की रीफ म्हणतात. ड्युनाइटचे नळ काही वर्षांत उपसून झाले. रीफवरच्या खाणी शंभर वर्षांनंतरही चालू आहेत.

हे पुस्तक या एका गोष्टीच्या भोवती लिहिलं आहे. स्तरित अंतर्वेशी, म्हणजे जमिनीखालीच थिजलेल्या थरांच्या, खडकांत प्लॅटिनम शोधायचं तर आधी थरांचा क्रम वाचता आला पाहिजे. धातू डोळ्यांना दिसत नाही, क्रम दिसतो. शोधाची सारी साधनं, चुंबकीय सर्वेक्षणापासून प्रयोगशाळेतल्या भट्टीपर्यंत, त्या वाचनाला मदत करायला आहेत. ती त्याची जागा घेऊ शकत नाहीत असं माझं ठाम मत आहे. मराठीत प्लॅटिनमविषयी जे वाचायला मिळतं ते बहुधा दागिने आणि बाजारभाव यांच्या निमित्ताने. ज्या खडकातून हा धातू येतो त्याची ओळख आपल्या भाषेत सविस्तर व्हावी, ही हे लिहिण्यामागची इच्छा.

धातूंची ओळख थोडक्यात करून देतो. प्लॅटिनम गटात सहा धातू येतात: प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम, इरिडियम, ऑस्मियम आणि रुथेनियम. पॅलेडियम आणि ऱ्होडियम विल्यम वोलस्टन याने 1802 ते 1804 या काळात वेगळे केले, त्याच सुमारास त्याचा मित्र स्मिथसन टेनंट याने इरिडियम आणि ऑस्मियम शोधले, आणि रुथेनियम कार्ल क्लाऊसने 1844 मध्ये रशियात. मोटारीच्या धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतात. खताच्या धंद्याला लागणारं नायट्रिक आम्ल प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तलम जाळीवरून अमोनिया नेऊन करतात. कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन हे औषध प्लॅटिनमचंच संयुग आहे. पाण्यापासून हायड्रोजन वेगळा काढणाऱ्या एका प्रकारच्या यंत्रांना इरिडियम लागतं. एवढ्या कामांना पुरणारं प्लॅटिनम जगभरच्या खाणींतून वर्षाला दोनशे टनांच्या आतबाहेर निघतं. सोनं तीन हजार टनांहून अधिक निघतं. आणि त्या प्लॅटिनमपैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून, म्हणजे प्रत्यक्षात एकाच खडकसमूहातून येतं.

त्या खडकसमूहाचं नाव बुशवेल्ड. प्रिटोरियाच्या उत्तरेला तो पसरला आहे. पश्चिमेची भुजा रस्टनबर्गची, पूर्वेची स्टीलपोर्ट आणि बर्गर्सफोर्टची, उत्तरेची मोकोपानेची. एकूण व्याप्ती सुमारे 65,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्तच. वय सुमारे 205 कोटी वर्षं. त्यातल्या थरांच्या भागाची जाडी सात-आठ किलोमीटर आहे, आणि हे सगळं भूवैज्ञानिक मापाने अगदी थोड्या काळात घडलं असावं असं वयमापनं सांगतात.

सह्याद्री पाहिलेल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर थर म्हटलं की घाटातले पायऱ्यांसारखे आडवे पट्टे येतात, म्हणून एक फरक इथेच सांगून ठेवतो. आपल्या दख्खनच्या पठारात लाव्हा जमिनीवर पसरला, थिजला, त्यावर पुन्हा लाव्हा आला. प्रत्येक पट्टा हा वेगळा प्रवाह. बुशवेल्डमध्ये शिलारस जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोलवर साठला आणि सावकाश निवत गेला. वर नवा शिलारस येत राहिला, पण थर पडले ते मुख्यतः त्या साठ्याच्या आतच. आधी ऑलिव्हीन आणि क्रोमाइट स्फटिकरूप झाले, मग पायरोक्झिन, मग प्लॅजिओक्लेज, शेवटी शेवटी मॅग्नेटाइट. ज्या त्या काळात जी खनिजं तयार झाली त्यांचे थर बनत गेले. त्यामुळे तळाकडे गडद, जड खडक आणि वर चढत जाल तसे फिकट, असा ढोबळ क्रम आढळतो. शिलारसाची नवी लाट आली की क्रम पुन्हा खालच्या पायरीवरून सुरू होतो. क्रोमाइटचे काळे, काटेकोर कडांचे पट्टे पांढऱ्या ॲनॉर्थोसाइटमध्ये, म्हणजे जवळजवळ निव्वळ प्लॅजिओक्लेजच्या खडकात, बसलेले स्टीलपोर्टजवळच्या ड्वार्स नदीच्या पात्रात उघडे दिसतात. जगभरचे भूवैज्ञानिक ते पाहायला जातात, आणि ते पट्टे नेमके कसे बनले यावर तिथेच उभे राहून वाद घालतात.

आता प्लॅटिनम एका पातळ थरात गोळा कसं झालं? मूळ शिलारसात ते अत्यल्प असतं. शंभर टन शिलारसात एक-दोन ग्रॅम म्हटलं तरी चालेल. रीफमध्ये मात्र एका टनात चार-सहा ग्रॅम सापडतं. म्हणजे काही शे पट संहती झाली. ही किमया गंधकाची. शिलारसात गंधक मावेनासं झालं की लोह, निकेल, तांबं आणि गंधक यांचं एक वेगळंच द्रव बारीक थेंबांच्या रूपाने बाहेर पडतं. ताक घुसळताना लोणी वेगळं व्हावं तसे हे सल्फाइडचे थेंब शिलारसातून वेगळे होतात. फरक इतकाच की लोणी वर येतं आणि हे थेंब जड असल्याने खाली बसतात. प्लॅटिनम गटाच्या धातूंची ओढ शिलारसापेक्षा या थेंबांकडे हजारो पटींनी जास्त असते. एकेक थेंब जितक्या जास्त शिलारसाच्या संपर्कात येईल तितका तो धातूने श्रीमंत होतो. कॅम्बेल आणि नाल्ड्रेट यांनी 1979 मध्ये हे प्रमाण गणिताने मांडलं आणि तेव्हापासून ते शोधकाच्या विचारात पक्कं बसलं आहे.

सगळ्यांना हे पटत नाही. धातू वरून खाली बसला नाही, थिजत आलेल्या थरांतून वर चढणाऱ्या क्षारयुक्त द्रवांनी तो खालून आणला, असं मानणाराही एक अभ्यासू गट आहे. काहींच्या मते थर तळापासून वर क्रमाने रचलेच गेले नाहीत. काही थर नंतर आधीच्या थरांमध्ये घुसले. हे वाद पोकळ नाहीत. प्लॅटिनम वरून आलं असेल तर नव्या लाटेच्या तळाशी भोक पाडायचं, खालून आलं असेल तर आणखी कुठे. ड्रिलिंगच्या खर्चाचा प्रश्न असतो. या पुस्तकात दोन्ही बाजू येतील. माझा स्वतःचा कल गंधकाच्या थेंबांकडे आहे, हे वाचकाने लक्षात ठेवून वाचावं.

क्रम वाचणं म्हणजे काय ते एका बोअरच्या उदाहरणाने सांगतो. पश्चिम बुशवेल्डमध्ये भोक पाडलं आहे आणि चारपाचशे मीटरवरून कोअर वर येतो आहे असं धरा. कोअर म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर जाडीचा खडकाचा दांडा, पेटीतल्या खाचांत ओळीने मांडलेला. त्यावर पाणी मारायचं, कारण कोरड्या खडकाचा पोत नीट दिसत नाही. मग भिंग घेऊन वाचत जायचं. एका जागी तपकिरी, ब्राँझसारखी झाक असलेल्या पायरोक्झिनचा खडक येतो, मधल्या फटींत पांढरं प्लॅजिओक्लेज. हाच का मेरेन्स्की? घाई केली तर फसगत ठरलेली, कारण मेरेन्स्कीच्या थोडं वर अगदी तसाच दिसणारा पायरोक्झिनाइट असतो. खाणवाले त्याला बास्टर्ड रीफ म्हणतात. रूप तेच, धातू जवळजवळ नाही. दोघांतला भेद त्या तुकड्यात नसतो, शेजाऱ्यांत असतो. बास्टर्डच्या वर एक विलक्षण खडक येतो: पांढऱ्या ॲनॉर्थोसाइटमध्ये मुठीएवढे काळपट डाग. त्याचं नावच जायंट मॉटल्ड ॲनॉर्थोसाइट. तो ओलांडला की पहिला पायरोक्झिनाइट बास्टर्ड. त्याच्या खाली नोराइट आणि डागांचा ॲनॉर्थोसाइट जातो, आणि मग दुसरा पायरोक्झिनाइट येतो. त्यात स्फटिक एकाएकी मोठे होतात, काही ठिकाणी बोटाच्या पेराएवढे. वर आणि खाली क्रोमाइटची काळी रेघ असते, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक. भिंगातून फटींमध्ये पितळी सल्फाइडचे ठिपके दिसतात. हा मेरेन्स्की. प्लॅटिनम मात्र अजूनही दिसलेलं नाही. ते कूपराइट, ब्रॅगाइट, स्पेरिलाइट अशा खनिजांच्या कणांत आहे आणि ते कण बहुधा केसाच्या जाडीहूनही लहान असतात. ब्रॅगाइट हे क्ष-किरणांनी शोधलेलं पहिलं खनिज. 1932 मध्ये ते सापडलं आणि ब्रॅग पितापुत्रांचं नाव त्याला दिलं गेलं.

मेरेन्स्कीच्या खाली यूजी-2 हा दुसरा मोठा थर आहे, बहुतांश क्रोमाइटचा, जाडीला साधारण अर्ध्या मीटरपासून मीटरभरापर्यंत. काही भागांत तो मेरेन्स्कीच्या वीसेक मीटर खाली, तर पूर्वेकडे चारशे मीटरपर्यंत खाली. बुशवेल्डच्या क्रोमाइटमध्ये प्लॅटिनम आहे ही नोंद हॉल आणि हम्फ्री यांनी 1908 मध्येच केली होती, म्हणजे मेरेन्स्कीच्या शोधाच्याही आधी. तरी यूजी-2 मोठ्या प्रमाणावर खणायला 1970 चं दशक उजाडावं लागलं. अडचण भट्टीत होती. क्रोमाइट सहज वितळत नाही, तळाशी साचतं आणि भट्टी बुजवतं. त्याला पेलणारी तापमानं आणि विद्युतभट्ट्या आल्यावर तोच थर ऱ्होडियमचा मोठा स्रोत ठरला. सापडणं आणि हाती लागणं यांत साठ-सत्तर वर्षं गेली.

नमुना घेण्याच्या कामाकडे आता वळतो. वर्णनाच्या पुस्तकांत त्याला दोन ओळी मिळतात, या पुस्तकात मी त्याला सर्वांत मोठं प्रकरण दिलं आहे. कोअरवर उभी रेघ आखून तो हिऱ्याच्या करवतीने मधोमध चिरतात. अर्धा प्रयोगशाळेकडे जातो, अर्धा पेटीतच राहतो. नमुन्याचे तुकडे वीसेक सेंटिमीटरचे, आणि तुकडा कधीही दोन खडकांच्या सीमेवरून जाऊ द्यायचा नाही. यूजी-2 मध्ये धातू पुष्कळदा थराच्या तळाशी आणि माथ्याशी अधिक असतो. सीमेवरचा तुकडा अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा घेतला की दोन्हींचे आकडे बिघडतात. त्यातच क्रोमाइट ठिसूळ, ड्रिलखाली तो भुगा होऊन वाहून जातो. पेटीतल्या लांबीचा आणि खोदलेल्या लांबीचा मेळ बसला नाही, तर त्या बोअरचा आकडा कितीही सुंदर असो, तो वापरायचा नाही.

प्रयोगशाळेत नमुना दळून त्याची पन्नासेक ग्रॅम भुकटी शिशाचं ऑक्साइड, सोडा आणि टाकणखार यांत मिसळतात आणि हजार अंशांच्या वर तापवतात. वितळलेलं शिसं थेंबाथेंबाने खाली उतरताना मौल्यवान धातू स्वतःत ओढून घेतं. थंड झाल्यावर तळाशी शिशाची गोळी मिळते. ती हाडाच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या सच्छिद्र वाटीत पुन्हा तापवली की शिसं वाटीत जिरतं आणि टाचणीच्या टोकाएवढा मणी उरतो. टनाला पाच ग्रॅमचा खडक असेल तर पन्नास ग्रॅम भुकटीतला सगळा मौल्यवान धातू भरतो एक चतुर्थांश मिलिग्रॅम. तो विरघळवून उपकरणात मोजतात. रुथेनियम, इरिडियम, ऑस्मियम यांसाठी शिशाऐवजी निकेल सल्फाइडची गोळी करावी लागते. एवढ्याशा धातूवर कोट्यवधींचे निर्णय घ्यायचे असतात, म्हणून दर काही नमुन्यांमागे धातू नसलेला एक, माहीत असलेल्या प्रमाणाचा एक आणि एखादा दुहेरी नमुना गुपचूप घुसवतात. प्रयोगशाळेला ते कोणते हे माहीत नसतं.

अर्धा कोअर जपून ठेवण्याचा आग्रह मी या पुस्तकात वारंवार धरला आहे. इंडोनेशियातल्या बुसांग इथल्या सोन्याच्या साठ्याचं प्रकरण 1997 मध्ये उघडकीला आलं, तेव्हा जवळजवळ अख्खा कोअर दळून टाकलेला होता. तपासायला मागे फारसं काही राहिलंच नव्हतं, आणि नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं गेलं हे नव्याने भोकं पाडल्यावर सिद्ध झालं. प्लॅटिनमच्या शोधात असा घोटाळा होवो न होवो, चूक होऊ शकते, आणि ती दुरुस्त करायला खडक हाताशी हवा.

एक बोअर म्हणजे थराला टोचलेली एक सुई. म्हणून रीफ भेदून झाली की त्याच भोकात वर पाचर बसवून ड्रिलची वाट किंचित वळवतात आणि शेजारून रीफ पुन्हा भेदतात. दोन-तीन वळणं घेतली की एका भोकात तीन-चार छेद मिळतात. तरीही दोन बोअरच्या मधे काय आहे ते कळत नाही. मेरेन्स्की रीफला खळगे असतात, खाणवाले त्यांना पॉटहोल म्हणतात. काही मीटरपासून काहीशे मीटर रुंदीचे हे गोल खळगे. तिथे रीफ आपली पातळी सोडून खालच्या थरांत उतरते, पातळ होते किंवा नाहीशी होते. त्यातच काळ्या भित्तींनी, म्हणजे भेगांत थिजलेल्या शिलारसाच्या उभ्या पट्ट्यांनी, थर कापलेले असतात, लोहयुक्त खडकाने मधले तुकडे गिळलेले असतात. काही खाणींत याच कारणांनी नकाशावरच्या रीफचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक हातचा जातो. हवाई चुंबकीय सर्वेक्षणात भित्ती दिसतात. त्रिमितीय भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात मेरेन्स्की स्वतः ठळक उमटत नाही, पण जड यूजी-2 चा प्रतिध्वनी येतो आणि त्यावरून वरच्या रीफची घडी अजमावता येते.

सगळीकडे क्रम इतका सोयीचा नसतो. बुशवेल्डच्या उत्तर भुजेत, मोकोपानेजवळ, शिलारस थेट चुनखडी, शेल आणि लोहखडकांना भिडला आणि त्यांना काही अंशी खाऊन टाकलं. तिथली प्लॅटरीफ काही ठिकाणी शंभर मीटरहूनही जाड आहे, धातू पसरलेला आणि थर विस्कटलेले. तीही 1925 च्या सुमारासच माहीत झाली, पण मोठं काम 1990 च्या दशकात, उघड्या खाणीने सुरू झालं. झिंबाब्वेतली ग्रेट डाइक ही साडेपाचशे किलोमीटर लांबीची चिंचोळी पट्टी. तिथल्या मुख्य सल्फाइड पट्ट्यात पॅलेडियमचं शिखर आधी आणि प्लॅटिनमचं किंचित वर येतं, आणि त्या जागी खडकात ओळखू येईल अशी एकही खूण नसते. खणायचं कुठे हे निव्वळ रासायनिक आकड्यांवरून ठरतं. अमेरिकेतल्या मॉन्टानामधल्या स्टिलवॉटरला क्रोमाइट आधीपासून माहीत होतं. जॉन्स-मॅनव्हिल कंपनीच्या भूवैज्ञानिकांनी 1967 पासून मातीचे नमुने तपासत नेले आणि 1970 च्या दशकात पॅलेडियमने समृद्ध अशी जे-एम रीफ गाठली. खाण सुरू झाली 1987 मध्ये.

या खडकांवर माणसं राहतात, हे भूविज्ञानाच्या पुस्तकात क्वचित येतं. रस्टनबर्गजवळच्या बाफोकेंग लोकांनी एकोणिसाव्या शतकात किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत राबून मिळवलेल्या पैशांतून मिशनऱ्यांच्या नावावर जमिनी विकत घेतल्या, कारण स्वतःच्या नावावर घ्यायची मुभा नव्हती. त्या जमिनींखाली पुढे मेरेन्स्की रीफ निघाली. रॉयल्टीच्या हक्कासाठी त्यांना दीर्घकाळ न्यायालयात भांडावं लागलं आणि 1999 मध्ये तडजोड झाली. त्याच पट्ट्यात मारिकाना इथे 16 ऑगस्ट 2012 रोजी वेतनवाढीसाठी संप करणाऱ्या 34 खाणकामगारांना पोलिसांनी गोळ्या घालून मारलं. रीफ एक मीटरपेक्षा पातळ असल्याने कामगाराला वाकून, कुशीवर होऊन खणावं लागतं. टनाला किती ग्रॅम हे लिहिताना तो माणूस डोळ्यांआड होऊ नये.

आपल्या देशात प्लॅटिनमची एकही खाण नाही. लागणारं जवळजवळ सगळं आयात होतं. देशाच्या खनिजांचा जमाखर्च नागपूरला, भारतीय खाण ब्युरोच्या मुख्यालयात ठेवला जातो. तिथल्या 2015 च्या यादीत प्लॅटिनम गटाचे 15.7 टन धातू नोंदले आहेत: 14.2 टन ओडिशात, 1.5 टन कर्नाटकातल्या हनुमलापुरात. ओडिशातल्या बौला-नौसाहीचा खडकसमूह बुशवेल्डहून सुमारे शंभर कोटी वर्षांनी जुना आहे. तिथे नंतर आलेल्या गॅब्रोने क्रोमाइटचे थर फोडले, आणि प्लॅटिनम मुख्यतः त्या फोडलेल्या, पुन्हा सांधल्या गेलेल्या तुकड्यांच्या पट्ट्यात आहे. म्हणजे क्रम आधी वाचायचा आणि मग तो कुठे, कशाने मोडला तेही वाचायचं, काम दुप्पट. तमिळनाडूत नामक्कल जिल्ह्यातल्या सित्तमपुंडीचा ॲनॉर्थोसाइट तर अनेकांनी दुसऱ्याच निमित्ताने ऐकला असेल: चंद्राच्या मातीसारखी माती करून इस्रोने यानाच्या चाचण्या घेतल्या त्या याच खडकाच्या भुकटीवर. तिथेही क्रोमाइटचे पट्टे आहेत आणि प्लॅटिनम गटाच्या दृष्टीने त्यांचा अभ्यास झाला आहे.

आपल्या जवळचं सांगायचं तर गोव्यात उसगाव-बोंडला भागात असा स्तरित खडकसमूह आहे. क्रोमिटाइट, पेरिडोटाइट, गॅब्रो असे थर त्यात ओळखले गेले आहेत आणि गोवा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्यावर लिहिलं आहे. बोंडल्याच्या अभयारण्यात जाणाऱ्या पर्यटकांना त्याची गंधवार्ता नसते. सिंधुदुर्गात कणकवलीच्या परिसरात आणि विदर्भात भंडारा जिल्ह्यात क्रोमाइटच्या नोंदी आहेत. यांतल्या कुठल्याही ठिकाणी खाण निघेल असं मी सुचवत नाही. अभयारण्यात तर ती निघूच नये. पण खडक वाचायला खाण लागत नाही. भुजा, थर, लाटा, मोडलेला क्रम हे सगळं इथेच, एसटीने जाता येईल अशा अंतरावर शिकता येतं.

गेल्या काही वर्षांत वारं बदललं आहे. केंद्र सरकारने 2023 मध्ये जाहीर केलेल्या तीस महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत प्लॅटिनम गट आहे. त्याच वर्षी खाण कायद्यात दुरुस्ती होऊन खोलवरच्या खनिजांसाठी शोध परवान्याची सोय झाली आणि त्या अनुसूचीतही हा गट आला. डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार खुलं झालं, तिथे जुने नकाशे आणि सर्वेक्षणं पाहता येतात. हे सगळं स्वागतार्ह आहे. मला काळजी वाटते ती घाईची. ठिकठिकाणी चार बोअर, दोन बरे आकडे, एक अहवाल आणि मग फाइल बंद, अशा पद्धतीने बुशवेल्डसुद्धा सापडलं नसतं. एकेका खडकसमूहाचा तळापासून माथ्यापर्यंत सलग, मीटरमागून मीटर लिहिलेला स्तंभ आपल्याला हवा आहे, धातू नसलेल्या भागांचाही.

म्हणून दोन विनंत्या. ज्या संस्था आणि कंपन्या ड्रिलिंग करतात त्यांनी अर्धा कोअर फेकू नये, पावसात कुजणाऱ्या लाकडी पेट्यांत ठेवू नये आणि अभ्यासकांना तो पाहू द्यावा. आणि भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हे पुस्तक वाचून झाल्यावर आपल्या जवळचा एक स्तरित खडक निवडावा, परवानगी काढून तो तळापासून वर चालत जावं, आणि प्रत्येक थर वहीत त्याच्या जागी लिहावा. त्या वह्या मराठीत लिहिल्या तरी चालेल.